कापडावरची लाल कडी

१९ सप्टेंबर १९९४, सोमवार

चंद्रकांता चौकटीखाली असायची, मी वर. भुसावळचं कॉन्व्हेंट, सन अठ्ठेचाळीस. दोघी चौदा वर्षांच्या. वेदीवर अंथरायचं पांढरं कापड लाकडी चौकटीवर ताणलेलं असायचं. इतकं मोठं, की मधोमध हात पोचत नसे. म्हणून सिस्टर बर्थांनी युक्ती काढलेली. एकीने वरून सुई खाली घालायची, दुसरीने खाली चटईवर उताणं पडून ती परत वर द्यायची. बोलायचं नाही. "सायलेन्स, गर्ल्स!" तोंडं बंद, पण दोरा होता ना! दोनदा ओढला म्हणजे — आहेस का? एकदा ओढला म्हणजे — आहे. सगळी दुपार आम्ही एवढंच विचारायचो आणि एवढंच सांगायचो.

एकदा सिस्टरनी गंमत म्हणून गुपचूप माझ्या जागी दुसरी मुलगी बसवली. दुसऱ्याच टाक्याला चंदा खालून ओरडली, "ही गंधा नाही! गंधाचा हात असा नाही!" दोघींना पायऱ्यांवर उभं केलं. आम्ही हसत उभ्या.

आज हे आठवलं, कारण माळा झाडताना तसलीच चौकट हाती लागली. शाळेत मुलींना भरतकाम शिकवायला मी करवून घेतली होती. निवृत्त झाले तेव्हा कुणालाच नको होती, म्हणून घरी आणली. तेहतीस वर्षं चित्रकला आणि शिवण शिकवली, उरली ती ही चौकट!

आजपासून गुलाबाई बसल्या. संध्याकाळी गल्लीतल्या मुली गुलाबाईपुढे गाणी म्हणून गेल्या. खाऊचा डबा कानाशी धरून हलवत होत्या, ओळखत होत्या. यशोदेने केलेला खाऊ कुणालाच ओळखता आला नाही. खारे शंकरपाळे होते. यशोदा म्हणजे भाच्याची, पंडितची बायको. शिरपूरकडच्या खेड्यातली, सातवी शिकलेली. "हारनात! हारनात!" म्हणून मुलींबरोबर उड्या मारत होती. दोन लेकरांची आई ती!

चंदाला पत्र लिहायला हवं. सुरतेला गेलं की माणूस लांबच जातं.

२२ सप्टेंबर

सुरतेत कसलीशी साथ आलीय म्हणतात. पंडित म्हणाला, प्लेग. मी म्हटलं, काहीतरीच! प्लेग का आता असतो?

२३ सप्टेंबर, शुक्रवार

असतो. पेपरभर तेच आहे.

आपल्या अमळनेरवरून जाणाऱ्या सगळ्या गाड्या सुरतेहून येणाऱ्या. पंडित स्टेशनावर जाऊन पाहून आला. टपावर, दारात, दोन डब्यांच्या मधे माणसं. सगळी आपलीच — कापडाच्या लूमवर कामाला गेलेली, खानदेशातली. उतरली की लोक बाजूला सरतात, म्हणाला, देवीची पालखी यावी तशी वाट मोकळी होते. तोंडावर रुमाल. दुकानात कापूर संपला, गोळ्या संपल्या. शाळा बंद. गुलाबाईच्या मुलीही आजपासून येणार नाहीत. त्यांच्या आयांनी कळवलं.

आणि पितृपक्ष चालू आहे. समोरच्या गच्चीवर पान ठेवून कावळ्याला हाका मारत होते. मेलेल्यांना पान वाढतात. त्याच घरचा मुलगा सुरतेला आहे, त्याला तार केली म्हणे — येऊ नकोस.

चंदा कुठे असेल? तिच्या मुलांकडे मोटार आहे. गेले असतील सगळे मारवाडात, नातेवाइकांकडे.

२४ सप्टेंबर, शनिवार

लिहवत नाही. तरी लिहिते.

सकाळी साडेनऊ. पंडित ऑफिसच्या कामाला धुळ्याला गेलेला. घरात मी आणि यशोदा, लेकरं मागच्या खोलीत. दार नुसतं लोटलेलं.

टकटक. दोनदा. थांबून पुन्हा दोनदा.

असं दार वाजवणारं जगात एकच माणूस आहे.

"गंधा, मी गं. चंदा. मुलांच्या गाडीत जागा नव्हती, मीच म्हटलं तुम्ही व्हा पुढे. भावाच्या आधी तुझं घर लागतं म्हणून उतरले. गंधा? आहेस ना?"

यशोदेने कडी घातली. मी बघतच राहिले! आमची कडी जुनी, लोखंडी, सकाळची गारढोण असते. घातली की सगळ्या ओट्यावर ऐकू जाते. "आत्याबाई, आवं—" एवढंच काहीतरी ती पुटपुटली. तिची दोन लहान लेकरं. मी तरी काय बोलणार? तिथेच दाराला पाठ लावून बसले.

चंदा पुन्हा बोलली नाही. दारही वाजवलं नाही. तासभर ओट्यावर बसून होती. तिला दमा आहे. तिचा श्वास मला फळीतून ऐकू येत होता. मधे स्वयंपाकघरात बोळाच्या बाजूला भांड्याचा आवाज झाला. यशोदेला भांडी सुचत होती!

मग रुमाल बांधलेली चार माणसं आली. गल्लीने बोलावली असणार. "चला माय, स्टेशनापलीकडे सोय केलीय." स्टेशनापलीकडे बंद पडलेलं जुनं कापसाचं जिनिंग आहे. सुरतेहून येणाऱ्यांना तिथे ठेवतात, दहा दिवस. चंदा म्हणाली, "चला." आवाज अगदी साधा. बाजाराला निघाल्यासारखा.

संध्याकाळी पंडित आला, त्याला गल्लीतच कळलं होतं. "आत्या, कडी कुणी लावली?" मी म्हटलं, "अरे, तिचीही काही चूक नाही. लेकरांची काळजी असते आईला." यशोदा गॅसकडे तोंड करून भाकरी थापत होती. वळून पाहिलं नाही. पंडित जेवला नाही.

२५ सप्टेंबर

आज तिघंही वेगवेगळ्या वेळी जेवलो.

२६ सप्टेंबर, सोमवार

डबा घेऊन जिनिंगवर गेले. फाटकावरच्या पोराने डबा काठीने आत सरकवला. लोखंडी पत्र्याची शेड, गजाच्या खिडक्या. पूर्वी यात कापूस कोंबत, आता माणसं. चाळीसेक असतील. डॉक्टर एकदा येतात, गोळ्या वाटतात. ताप कुणालाच नाही म्हणे.

खिडक्यांना गोणपाट लावलंय. मी एक कोपरा उचलला तर तो पोरगा ओरडला, "ओ बाई! तोंडाला तोंड नको. पडदा राहू द्या!" माझ्याच विद्यार्थ्याचा मुलगा असेल. सगळे असतात.

"चंदा," म्हटलं. आतून कुणीतरी म्हणालं, "झोपेल शे ती."

झोपलेली नव्हती. मला कळतं.

२७ सप्टेंबर, मंगळवार

पडदा हवाय ना? घ्या पडदा!

माळ्यावरची चौकट काढली, तिच्यावर मांजरपाट ताणला आणि लोटगाडीवर घालून जिनिंगवर नेली. गोणपाट काढून खिडकीला बाहेरून चौकटच बांधून टाकली. फाटकावरचा म्हणाला, "हे काय बाई?" मी म्हटलं, "पडदा. तुझ्या नियमाचा." डोकं खाजवत राहिला.

निळा दोरा ओवून सुई आत घातली. घातली आणि दोनदा ओढली.

काही नाही. उन्हात उभी होते. रस्त्याने जाणारे सायकलवाले वळून बघत होते. म्हातारी कापडाशी काय बोलतेय!

बऱ्याच वेळाने दोरा ताठ झाला. एकदा.

मी तिथेच रडले. सेहेचाळीस वर्षांनी! मग सुई परत आली. टाका अगदी बारीक, सिस्टर बर्थांना आवडेल असा. पलीकडे दिसत काहीच नव्हतं. कापडावर बोटांची पुसटशी सावली तेवढी.

बाहेर डेटॉलची वाटी ठेवली होती. सुई आली की बुडवून पुसायची, मग पुढचा टाका. फाटकावरच्याची अट होती. अट त्याची — पण वाटी मी घरूनच आणली होती. आतून चंदाचा आवाज आला. पहिलाच. "शाळेतल्या सिकरूमचा वास येतोय, गंधा." मी सुई पुसून आत घातली.

२८ सप्टेंबर

मी दार काढतेय. पायऱ्या, ओटा, अर्धं उघडलेलं दार. पेन्सिलीने काढलंय फक्त बाहेरून, तिला आतून दिसत नाही. ती नुसती सुई परत देते.

घरी यशोदेने विचारलं, "मी येऊ का आत्याबाई, डबा देवाले?" मी म्हटलं, "तू नकोस येऊ. तुला बघून तिला काय वाटेल?" डब्यात मात्र तिनेच केलेल्या कळण्याच्या भाकरी होत्या.

२९ सप्टेंबर, गुरुवार

आज आत गर्दी. चंदाच्या शेजारी भिकन म्हणून कुणी आहे, लूमवरचा, आणि त्याची बायको पुष्पाबाई. भिकनला सुई धरू दिली तर दहा मिनिटं परतच येईना. मग आवाज — "बाई, सुरतमा हजार तार मी एकटा देखस, आन आठे एक सुई सापडत नई!" सगळी शेड हसली. पत्रा घुमला. कापूस गेल्यापासून त्या पत्र्याने हसू ऐकलं नसेल.

पुष्पाबाई गोधडी शिवणारी. धावदोरा असा लांब टाकते, की माझ्या पायऱ्याच वाकड्या झाल्या. वर मलाच दटावते, "दोरा लांब घ्या ना बाई, सारखा संपी जास!" मी हो म्हटलं. तेहतीस वर्षांत मला कुणी असं बोललं नव्हतं.

भिकनचं गाव इथून सात कोसांवर. आधी तिकडेच गेले होते. वेशीवरून काठ्या दाखवून परत पाठवलं. "मना सख्खा भाऊ व्हता काठी लिसन," म्हणाला. तेवढंच. मग पुन्हा सुई मागितली.

येताना चंदाला म्हटलं — कापडाला तोंड लावून म्हटलं — "चंदा, त्या दिवशी... यशोदा घाबरली गं. लहान लेकरं आहेत तिची."

मग सुई बाहेर आली. नुसतीच. नेढ्यात दोरा नव्हता.

निसटला असेल.

३० सप्टेंबर

चंदाने लाल दोरा मागितला. "लाल दे. आणि आज तू टाका घालू नकोस. मी एकटी घालते." दिवसभर तिची सुई बाहेर येत होती आणि मी नुसती तिला परत आत सारत होते. आज मी खाली, ती वर! गंमत वाटली.

१ ऑक्टोबर, शनिवार

ऊन सरल्यावर नीट पाहिलं. मी काढलेलं दार अर्धं उघडं होतं. कापडावर आलेलं दार बंद आहे. सुई परत देताना तिने एकेक टाका थोडा थोडा सरकवून फळी चौकटीला नेऊन भिडवली आहे. पेन्सिलीची रेघ उघडी, दोऱ्याची बंद. आणि मधोमध लाल कडी. ठसठशीत, साखळीचा एकेक दुवा वेगळा.

आतून अंदाज येत नाही. त्यामुळे झालं असेल.

३ ऑक्टोबर, सोमवार

आज सगळ्यांना सोडलं. कुणालाच काही नव्हतं. चाळीस माणसं, दहा दिवस, ताप एकालाही नाही. आता फाटकावर हार घेऊन दोन पुढारी!

मी नऊला पोचले. शिरा केला होता, साजूक तुपातला. चंदा सातच्या एसटीने जामनेरला, केवलचंदांकडे — तिच्या भावाकडे — गेली. माझ्या गल्लीवरूनच गेली असणार. भिकन खिडकीची चौकट सोडवत होता. "बाई, चंद्रामायनी ठेयेल शे तुम्हनासाठे." कापड. घडी अशी घातलेली, की उलटी बाजू वर. त्या बाजूला गाठीच गाठी — भिकनच्या, पुष्पाबाईच्या, कुणाकुणाच्या.

"काही म्हणाली का रे?"

"म्हने, बाईले सांग, डबामातली भाकर चांगली व्हती."

शिरा भिकनला दिला. त्याने तिथेच उभ्याने खाल्ला.

१४ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला गल्ली आली. गळाभेट! तीन आठवड्यांपूर्वी याच हातांनी रुमाल बांधले होते. यशोदेला मात्र बायका टाळतात. समोरच्या काकू तिच्या देखत म्हणाल्या, "दारात आलेल्या म्हातारीला कडी लावणं म्हणजे बाई, छातीच लागते!" यशोदा आपट्याची पानं गोळा करून आत गेली.

मी काही बोलले नाही. सणाचा दिवस.

जामनेरला दोन पत्रं टाकली. उत्तर नाही.

२० ऑक्टोबर

काल कोजागिरी. आटवलेल्या दुधात चारोळी घालायची राहिली. गुलाबाई गाण्यांवाचूनच गेल्या.

३० ऑक्टोबर, रविवार

बन्सीलालजी आले. सरकीचे व्यापारी, गावातल्या प्रत्येक समारंभाचे अध्यक्ष. कापड बघायला आले. कुणी सांगितलं कोण जाणे! भिंतीशी धरून उभे राहिले, लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. "बाई, हे कलेचं काम आहे. सगळं गाव घाबरलेलं असताना तुम्ही एकट्या त्या खिडकीशी उभ्या होता. हे लोकांपुढे आलं पाहिजे. दिवाळीनंतर प्रदर्शन ठेवू. जळगावचे पत्रकार बोलावतो."

नको म्हणायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

यशोदेने चहा आणला. बन्सीलालजींनी तिच्याकडे न बघता कप उचलला.

६ नोव्हेंबर, रविवार

झालं एकदाचं. हॉल भरला होता. कापड काचेत, वर दिवा. खाली पाटी — "सुईच्या टोकावरची माणुसकी". मला छान वाटत होतं, खोटं कशाला बोलू! आयुष्यभर लोकांच्या मुलींना फुलं-पानं काढायला शिकवली. माझ्या हाताचं काही कुणी काचेत लावलं नव्हतं.

जळगावच्या पत्रकाराने विचारलं, "बाई, सगळं काम निळं आणि कडीच लाल का?"

मी म्हटलं, "ती समाजाने लावलेली कडी आहे."

हे मी म्हटलं. तोंडातून असं सहज आलं, जणू पाठच होतं. त्याने भराभर लिहून घेतलं. टाळ्या पडल्या.

मग बन्सीलालजींचं भाषण. "खुद्द घरच्यांनी दार लावलं, तरी बाई डगमगल्या नाहीत!" यशोदा दुसऱ्या रांगेत. नवी साडी नेसून, लेकरांची वेणीफणी करून आलेली. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. तिने लेकराच्या शर्टाचं बटण लावलं. लागलेलं होतं, काढून पुन्हा लावलं.

शाल आणि नारळ. मी घेतले.

घरी येताना तिने एवढंच विचारलं, "आत्याबाई, त्या कापडनी मागली बाजू कसाले नई दाखाडी? तीच चांगली शे. तठे बठ्ठासना हात शेत."

सगळ्यांचे हात म्हणे! "स्टुपिड व्हिलेज गर्ल," मी मनात म्हटलं. इंग्रजीत म्हटलं, म्हणजे तिला कळू नये म्हणून! मनातल्या मनात सुद्धा!

९ नोव्हेंबर

पेपरात फोटो आला. मी कापडाशेजारी उभी. कात्रणं दोन. एक जामनेरला पाठवायचं होतं. पाठवलं नाही.

पंडित अजून यशोदेशी तुटकच बोलतो. "मीठ." "पाणी." तेवढंच. तिने का सांगावं काही? घर माझं, माझ्या नावावर. पंडितची नोकरी जेमतेम. जाणार कुठे, हे तिला माहीत आहे. मलाही माहीत आहे.

२७ नोव्हेंबर, रविवार

दुपारी केवलचंद आले. जामनेरला धान्याचं दुकान आहे त्यांचं. लहानपणी बोर्डिंगवर बहिणीला भेटायला यायचे, खिशात आमच्यासाठी चिंचा. आज डोक्यावर टोपी नव्हती. मी दारातच समजले.

"चंद्रकांता गेली, बाई. तेराला. पहाटे दमा चढला. गोळ्या घेऊन बसली आणि बसल्या बसल्याच गेली. तुम्हाला तार करणार होतो. तिने आधीच सांगून ठेवलेलं — गंधाला तार करू नका, घाबरेल. बारावं झालं की जाऊन या."

मी पाणी दिलं. ते म्हणाले, "तुमचा फोटो आला होता पेपरात. तिने कापून ठेवला. खूप वेळ बघत होती. मग हसली. म्हणाली, कडी छान आलीय फोटोत."

मग त्यांनी कागद काढला. वहीचं पान, तिचं अक्षर. कॉन्व्हेंटचं, उजवीकडे कललेलं. माझंही तसंच आहे. मला वाचून दाखवणार होते, मी हातातून घेतलं. उतरवून ठेवते, म्हणजे माझ्याजवळ राहील —

"सोन्याच्या बांगड्या धाकट्या सुनेला. सुरतेहून एकट्या तिनेच पत्र टाकले.

चांदीचा डबा लाडकुंवर भाभीला. महिनाभर माझी खोकल्याची भांडी तिने घासली.

भिकन लूमवाल्याच्या बायकोला माझे ऊबदार शाल-स्वेटर. पत्ता केवलचंदकडे आहे.

कोटा साडी, घडी न मोडलेली, गंधाच्या यशोदेला. त्या दिवशी बोळातल्या खिडकीतून तिने मला तांब्याभर पाणी दिले आणि गूळ दिला. माझा हात धरून रडली. म्हणाली, मावशी, मना हातमा काही नई शे. त्या दहा दिवसांत मला हात लावणारी ती पहिली.

गंधाला सुई. तिला सांगावे, कडीचा हात मी ओळखला होता. कोणाजवळ बोलले नाही."

केवलचंदांनी खिशातून काडेपेटी काढली. आत सुई, नेढ्यात वीतभर लाल दोरा.

"कडीचं काय ते आम्हाला कळलं नाही," म्हणाले. "तुम्हा मैत्रिणींचं काही असेल."

साडी मी यशोदेच्या हातात दिली. "कोणाची?" म्हणाली. मी सांगितलं. ती उभ्या जागी खाली बसली, साडी तोंडाला लावून रडली. पंडित दारात उभा राहून बघत होता. "हिला का?" त्याने विचारलं. "हिने तर—"

मी स्वयंपाकघरात गेले. बोळातली खिडकी उघडली. हात बाहेर काढून पाहिला. ओट्याच्या कडेपर्यंत पोचतो.

२८ नोव्हेंबर, सोमवार

कडी मी लावली. यशोदा "आत्याबाई, आवं उघाडा ना" म्हणत माझा हात धरत होती. मी तो झटकला. मग दाराला पाठ लावून बसले. दोन महिने या वहीलाही खोटंच सांगितलं.

म्हणून —

शाल बन्सीलालजींना परत. पंडितने नेऊन द्यावी, आणि का ते सांगावं.

कापड काचेतून काढून भिकनकडे. पुष्पाबाईने गोधडीत घालावं. घालायचं नसेल, तर मागली बाजू वर करून अंथरावं.

चौकट शाळेला. नको म्हणाले तरी ठेवून यावी.

घर यशोदेच्या नावावर. वकिलांकडे गुरुवारी जाते.

सुई माझ्याजवळ.

ही वही यशोदेला. मी मेल्यावर नव्हे. आज, भाकरी थापून ती हात धुऊन बसली की. हळूहळू वाचते ती, वाचू दे. मी समोर बसेन.